ग्राफिक्स कार्ड आणि अर्थिंग क्रमांक एक

आमच्या रोह्याच्या घराला अर्थिंग नव्हते. घर बांधले तेव्हापासून नव्हते, आणि ते नाही हे मला एकट्यालाच ठाऊक होते. एखाद्या वाचकाला यात कबूल करण्यासारखे काही वाटणार नाही. अशी घरे तालुक्यात पुष्कळ असतील. म्हणून पुढचे वाक्यही लिहिणे भाग आहे. मी धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात विद्युत विभागाचा पर्यवेक्षक आहे, आणि सुरक्षा सप्ताहात कामगारांना अर्थिंगचे महत्त्व समजावून सांगण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते.

त्या भाषणात मी, माझ्या नेहमीच्या हळू आवाजात, एक वाक्य हटकून म्हणतो : "ज्या घराला अर्थिंग नाही, त्या घरातल्या कर्त्या माणसाला झोप तरी कशी लागते?" यावर टाळ्या पडतात. मला झोप उत्तम लागत असे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

ज्यांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरताच आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तीन पिनांच्या प्लगमधली जी जाड पिन असते, तिच्यातून एक हिरवी तार भिंतीतून खाली उतरते आणि घराबाहेरच्या खड्ड्यात जाते. खड्ड्यात धातूची पट्टी पुरलेली असते आणि तिच्याभोवती कोळशाचे व मिठाचे थर असतात. यंत्रातून वीज पाझरली तर ती माणसाच्या अंगात न शिरता या वाटेने मातीत जावी, अशी योजना. उन्हाळ्यात खड्डा सुकू नये म्हणून त्यात पाणी ओततात. सारी विद्या एवढीच आहे. ती मला येत होती.

घर बांधायला काढले तेव्हा माझे सासरे, म्हणजे आबा, हयात होते. पेणच्या खाडीकडच्या गावात त्यांचे मिठागर होते. जावई विजेचे काम करतो याचा त्यांना अभिमान होताच. विजेच्या खड्ड्याला मीठ लागते असे कळल्यावर तो दुणावला. आपल्या धंद्यालाही या खात्यात जागा आहे, असे त्यांना वाटले असावे. एके दिवशी टेम्पोत मिठाची पोती घालून ते स्वतः हजर झाले.

"दुकानातलं पांढरंधोप मीठ घालू नका, जावयबापू," ते म्हणाले. "त्यात दम नाय. हे आगरातलं हाय, जाडं. माझ्या पोरीच्या घराला लागायचं हाय."

खड्डा खणायला मी दोन मजूर लावले. कंबरभर खोल गेल्यावर खाली कातळ लागला. पहार मारली की ठिणगी उडे. त्यांतल्या वयस्काने पहारीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "सायेब, हे सुरुंगाचं काम हाय," तो म्हणाला, "आणि आमची लावणी आली." ते दोघे भातलावणीला गेले ते गेलेच. वास्तुशांतीचा मुहूर्त तर दाराशी येऊन उभा. दुसरी जागा पाहून नव्याने खणणे हे उचित होते. मी अनुचित ते केले. खड्डा मातीने भरून टाकला, त्यावर विटांची सुबक चौकट बांधली, भिंतीतून आलेली हिरवी तार तिच्यात वेटोळे करून ठेवली आणि वर लोखंडी झाकण बसवले. पावसाळा संपला की करू, असे मनाशी म्हटले. झाकणावर कारखान्यातल्या पद्धतीप्रमाणे पिवळ्या रंगात 'अर्थिंग क्र. १' असे लिहिले. क्रमांक का घातला ते सांगता येत नाही. क्रमांक दोन कोठेच नव्हता. तसा क्रमांक एकही नव्हता.

राहिले मीठ. पावसाळी हवेत पोत्यांना पाणी सुटू लागले. माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची आपल्याकडे रीत आहेच. पत्नी माहेरी गेली असता एका दुपारी मी ती सर्व पोती परसातल्या माडांच्या आळ्यांत वाटून टाकली. माड असे काही धरले की आळीतले लोक रोपे मागू लागले. सासरे आले की मी त्यांना शहाळे काढून देई. ते पीत पीत ते मागील दारी जात, झाकणावर पायाच्या अंगठ्याने टकटक करत आणि म्हणत, "खाली माझं मीठ हाय. पोर माझी निवांत हाय." मिठाला जागण्याविषयी मराठीत जे म्हणतात ते मी येथे लिहीत नाही, वाचकाच्या ओठांवर ते आलेच असेल. पुढे सासरे वारले. जाताना ते या बाबतीत पूर्ण समाधानी होते.

खड्ड्याला पाणी लागते, असे मी पत्नीला एकदा सहज बोलून गेलो होतो. तिने ते व्रतासारखे धरले. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत ती रोज तुळशीला तांब्याभर आणि अर्थिंगला बादलीभर पाणी घाली. या अखंड अभिषेकामुळे झाकणाभोवती अळू माजले. एवढे की क्रमांक दिसेना.

"अवो," तिने एकदा पाणी ओतता ओतता विचारले, "मिठावर अळू येतं व्हय? आमच्या आगराच्या बांधावर गवताची काडी धरत नाय."

"तो कोळशाचा गुण," मी म्हणालो.

"कोळशाचा?"

"कोळसा खतच असतो."

मिठागरावर वाढलेल्या बाईने मिठाच्या बाबतीत माझे ऐकले. त्या अळूचे फतफते मी वर्षानुवर्षे खाल्ले. घसा कधी खाजला नाही, याचे मला आजही नवल वाटते. यंदा मात्र तेथे अळू धरलेले नाही. का, ते सुज्ञांनी ओळखावे.

मग एके दिवशी पत्नी म्हणाली, "फ्रीज चावतो."

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. फ्रीजच्या लोखंडाला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या येत. हे होणारच होते. घरातल्या साऱ्या यंत्रांच्या हिरव्या तारा एकत्र बांधलेल्या आणि त्यांचे टोक झाकणाखाली हवेत. म्हणजे एकाने पाझरावे आणि ते सर्वांनी वाटून घ्यावे, असे ते एकत्र कुटुंब होते. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "चप्पल घाल."

स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही हा तिच्या माहेरचा दंडक. तिने त्यातून वाट काढली. बाजारातून रबरी चपलांचा नवा जोड आणला, त्याने घराचा उंबरा कधी ओलांडू नये असे ठरवले आणि दर सोमवारी तो धुऊन उन्हात ठेवू लागली. तरीही मुंग्या राहिल्याच. मग तिने फ्रीजच्या मुठीला लोकरीचे वेष्टण विणले, कडेला लाल फुले काढून. आल्यागेल्या बायकांना ते फार आवडले. नमुना मागून नेला गेला, आणि आमच्या आळीतले कितीतरी निर्दोष फ्रीज विनाकारण लोकर नेसून उभे राहिले.

"आणखी एक सांगते," ती पुढे कधीतरी म्हणाली. "वर पोरीचा कॉम्प्युटर चालू असला का जास्त चावतो."

इतके अचूक निदान आमच्या विभागात वर्षभरात एखादेच होते. संगणकाच्या पेटीतून नेहमीच थोडी वीज त्या हिरव्या तारेत उतरते, आणि तारेला पुढे वाट नसली की ती फ्रीजवर येऊन उभी राहते. मला हे पाठ होते. मी हसलो. "वरचा कॉम्प्युटर आणि खालचा फ्रीज यांचा काय संबंध?" असे विचारले, आणि हाताला मुंग्या येणे हे बी-ट्वेल्व्ह कमी असल्याचे लक्षण असते, असे सांगून तिला डॉक्टरांकडे नेले. तपासणीत बी-ट्वेल्व्ह खरोखरच कमी निघाले. तिने सुया टोचून घेतल्या. माझ्या खोट्याला असा कोठून तरी पुरावा मिळून जाई, आणि त्यामुळे सुधारण्याची संधी हुकत असे.

अशा या घरात ग्राफिक्स कार्ड आणण्याचा विषय निघाला.

माझी मुलगी घरी बसून बंगल्यांची चित्रे करते. रोह्याच्या आसपास ज्या माळावर आज करवंदाची जाळी आणि बसलेली म्हैस आहे, तेथे उद्या कसा बंगला उभा राहील ते ती संगणकावर दाखवते. बंगला लवकर होतो, वेळ लागतो तो पुढच्या तलावाला. पाण्यात आकाशाचे आणि माडांचे प्रतिबिंब नीट पडायला तिचा जुना संगणक इतका वेळ घेई की तेवढ्यात खरा तलाव खणून झाला असता. आता एका मोठ्या कामाची बोलणी चालली होती. त्यांना नुसते चित्र नको होते, बंगल्यातून फिरवून आणणारी चित्रफीत हवी होती. ती जमली तर काम हिचे आणि मुक्काम घरीच. नाहीतर मुंबईच्या कार्यालयात जाऊन बसायचे. त्यासाठी संगणकात चित्रे झपाट्याने काढणारे भारी ग्राफिक्स कार्ड हवे. त्या कार्डाची वीज आणि उष्णता आपल्या घराला पेलेल का, याचा विचार करायला आम्ही तिघे बसलो.

"किती खातं ते?" पत्नीने विचारले.

"एकटं कार्ड साडेचारशे वॅट. बाकी सगळं धरून सातशेच्या आसपास," मुलगी म्हणाली.

"म्हंजे इस्त्रीपेक्षा?"

"इस्त्रीपेक्षा कमी," मी म्हणालो, "परंतु इस्त्री तापली की थांबते. हे तापले तरी थांबत नाही."

"एवढं खाऊन करतं काय?"

"पाणी काढतं, आई. तलावातलं."

"आपला पंप पण पाणी काढतो गो बाय. त्यानं टाकी तरी भरते."

मी मुद्दा उष्णतेकडे वळवला. यंत्र जेवढी वीज घेते तेवढी अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे मे महिन्यात, रोह्यात, माडीवरच्या खोलीत दिवसभर शेगडी पेटवून बसल्यासारखे होईल, असे मी शांतपणे मांडले.

"मग पावसात माझे पोह्याचे पापड तिथं वाळतील," पत्नी म्हणाली.

"वाळतील, पण हिंगाचा वास कार्डाला लागेल," मुलगी म्हणाली. "बाबा, खोलीत एसी आहे की."

"म्हणजे कार्डाने खोली तापवायची, एसीने ती निववायची, आणि त्यांच्या भांडणाचे बिल आपण भरायचे."

"आमचं लग्न बघ," पत्नी मुलीला म्हणाली. "असंच चाललंय."

मी एकामागून एक अडचणी काढल्या. माडीवरची तार बारीक आहे. मुलगी म्हणाली, जाड तार नवी टाकू. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते. ती म्हणाली, यूपीएस घेऊ. घरचा इन्व्हर्टर हा भार उचलणार नाही. ती म्हणाली, त्याला सांगायचंच नाही. उष्णतेवरही तिने तोड काढली. या कार्डाची खाण्याची मर्यादा आपल्याला बांधता येते, असे ती म्हणाली. तीस टक्के कमी जेवू घातले तरी काम थोडेसेच कमी होते आणि ताप पुष्कळ उतरतो. माझ्या डॉक्टरांनी माझ्याविषयी अगदी हेच मत दिले होते, त्यामुळे मला ते खोडता आले नाही.

माझ्या साऱ्या अडचणी खऱ्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे. एकही आकडा मी खोटा सांगितला नाही. खऱ्या गोष्टी पुढे करून त्यांच्याआड एक न सांगितलेली गोष्ट उभी करणे हे माझे कसब. शेवटी आडोशाला काही उरले नाही. त्या बैठकीनंतर तारेपासून एसीपर्यंत घरातले सगळे तपासून झाले, आणि एक अर्थिंगच तेवढे कोणी विचारले नाही. कारण ते माझ्या नावावर होते.

संगणक जोडून देणारे दुकान पेणला होते. मुलगी आणि मी रोह्याहून आगगाडीने निघालो. वाटेत तिला सांगून टाकायचे असे मी ठरवले होते. निडी आली तेव्हा मी घसा साफ केला. नागोठणे गेले तेव्हा पाणी प्यालो. कासूला मी तिच्याकडे वळलो.

"काय बाबा?"

"कासू आलं."

"दिसतंय," ती म्हणाली.

दुकानदार बोलका होता. त्याने कार्डाचे चित्र दाखवले. माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा मोठे, त्याला तीन पंखे. मग त्याने विचारले, "घराला अर्थिंग आहे ना नीट? नाहीतर कॉम्प्युटरची पेटी झटके देते. आणि एवढं नाजूक कार्ड, उगाच धोका कशाला?"

मी उत्तर देण्याच्या बेतात होतो. खरेच होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आमचे बाबा अर्थिंगवर भाषणं देतात."

"मग प्रश्नच मिटला!" दुकानदार म्हणाला, आणि आता माझ्यासारखा माणूस आयता सापडलाच आहे तर दुकानाचे अर्थिंगही पाहून द्यावे, अशी त्याने विनंती केली. मी टेबलाखाली शिरून पाहिले, मागच्या बोळात जाऊन खड्डा पाहिला. तो कोरडा होता. मी त्याला हळू पण कडक शब्दांत समजावले. "उन्हाळ्यात पाणी ओतत जा," मी म्हणालो. "आमच्या घरी मंडळी रोज एक बादली ओततात." तो ओशाळला. त्याचा तो चेहरा मला बरेच दिवस दिसत राहिला.

निघताना त्याने मुलीच्या हातात एक लहानसा प्लग दिला. त्यावर तीन बारीक दिवे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो खुपसला की अर्थिंग आहे की नाही ते दिवे सांगतात. घरी पोचल्याबरोबर लावून बघू, असे मुलगी म्हणाली.

"आधी कारखान्यातून तपासून, कॅलिब्रेट करून आणतो," मी म्हणालो.

त्या वस्तूत कॅलिब्रेट करण्यासारखे काही नसते. ती माझ्या डब्याच्या पिशवीतून धाटावला गेली आणि तेथेच राहिली. एकदा मी ती कारखान्याच्या सॉकेटमध्ये लावूनही पाहिली. सगळे दिवे जसे हवेत तसे लागले. उपकरण निर्दोष होते.

आपण गुपचूप खरे अर्थिंग करून टाकावे, हा विचार आला नाही असे नाही. एका रविवारी पत्नी देवळात गेलेली पाहून मी पहार घेऊन अळवात शिरलो. फाटक वाजले.

"काय करताय अळवात?"

"उंदराचे बीळ दिसते का पाहतो."

तिने संध्याकाळी पिंजरा आणून अळवात लावला. दुसऱ्या दिवशी त्यात उंदीर सापडला. मघाशी पुराव्यांविषयी जे म्हणालो, ते याला धरूनच.

यथावकाश माडीवर नवी तार टाकून झाली. वायरमनने जाड हिरवी तारही टाकली आणि माझ्या देखत बोर्डाला जोडली. "सायेब, काम एक नंबर," तो म्हणाला. मी मान डोलावली. त्या जाड तारेतून जे काही उतरणार होते ते आता अधिक सुलभपणे फ्रीजपर्यंत पोचणार होते.

संगणक तयार झाला तेव्हा दुकानदार तो आपल्या गाडीत घालून स्वतः घेऊन आला. एवढे भारी कार्ड त्याने पहिल्यांदाच बसवले होते आणि ते चालताना त्याला पाहायचे होते. दुपारची वेळ, माडी तापलेली. म्हणून चाचणी खाली दिवाणखान्यातच घ्यायची ठरले. तेथून स्वयंपाकघराचे दार समोर दिसते. पाहुणा येणार म्हणून पत्नीने सकाळपासून घर आवरले होते. फ्रीजच्या मुठीचे लोकरी वेष्टण मळके दिसते म्हणून धुऊन वाळत टाकले होते. परक्या माणसाने स्वयंपाकघरात चप्पल पाहिली तर काय म्हणेल, म्हणून तो रबरी जोड कपाटाखाली सारला होता. आणि लादी नुकतीच ओल्या फडक्याने पुसली होती. हे सर्व मला तेव्हा कळले नाही. मी कार्डाकडे पाहत होतो.

मुलीने तलावाचे चित्र लावले. कोपऱ्यात टक्के सरकू लागले. आरंभी कार्ड गप्प होते. मग त्याचे पंखे फिरू लागले, मग त्यांनी सूर धरला, आणि थोड्याच वेळात दिवाणखान्यात गिरणी चालू झाल्यासारखे वाटू लागले. मागून येणारी गरम हवा पडद्याला लागून पडदा फुगला.

"मर्यादा नाही बांधली का?" मी विचारले.

"पहिल्यांदा पोटभर जेवू दे ना!" मुलगी ओरडून म्हणाली.

"अहो साहेब, ऐकण्यासारखा आवाज आहे!" दुकानदार ओरडला.

"पन्हं देते हां," पत्नी म्हणाली असावी. तिचे ओठ तेवढे दिसले. ती आत वळली. तेव्हा मी पाहिले : ओली लादी, अनवाणी पाय, उघडी मूठ आणि तिच्याकडे गेलेला हात.

"हात लावू नकोस!"

या घरात मी आवाज चढवल्याचे कोणाला आठवत नाही. पत्नीचा हात हवेतच थांबला. मी धावत जाऊन ती आणि फ्रीज यांच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"बाबा, काय झालं?"

"बंद कर ते!"

"बंद? चारच टक्के राहिलेत! आत्ता बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून! बाबा, प्लीज!"

मी तसाच उभा राहिलो. मागे सरकताना माझी पाठ फ्रीजला टेकली. अंगात घामाने भिजलेला बनियन होता, पायाखाली ओली लादी होती. फ्रीज मला चावला.

वाचकहो, इतक्या वर्षांत तो फ्रीज मी स्वतः कधी उघडला नव्हता. पाण्याचा पेलाही मला हातात मिळत असे. ज्या मुंग्यांचे कारण मला पूर्णपणे ठाऊक होते, त्या कशा असतात हे मला ठाऊक नव्हते. त्या दुखत नाहीत. परंतु तुम्ही ज्याच्यावर विश्वासून हात ठेवावा, त्याने तो झिडकारावा, तसे काहीसे होते. हे तिला रोज होत होते, आणि रोज मी तिला ते होत नाही असे सांगत होतो.

"फ्रीज खरंच चावतो," मी म्हणालो.

"काय?" पत्नीने कानाला हात लावला. "ऐकायला नाय येत! मोठ्यानं बोला!"

"फ्रीज चावतो!"

"ते मी सांगते तुमाला! तुमी मना काय सांगताय?" संतापली की तिची माहेरची बोली अधिकच वर येते.

दुकानदार दारात येऊन उभा होता. मुलगीही आली. मागे पंखे घोंघावत होते. हळू बोलण्याची माझी आयुष्यभराची सवय तेथे काही कामाची नव्हती. मी कारखान्यात सायरन झाल्यावर ओरडतो तसा ओरडू लागलो.

"घराला अर्थिंग नाही! पहिल्यापासून नाही! झाकणाखाली नुसती माती आहे! कॉम्प्युटर चालू असला की फ्रीज जास्त चावतो, हे तू म्हणालीस ते बरोबर होतं! तुझ्या हाताला काही झालं नव्हतं! मी तुला उगाच सुया टोचवल्या! अळू कोळशाने नाही आलं, तू ओतलेल्या पाण्याने आलं! उंदीरही—"

तेवढ्यात तलाव पुरा झाला. पंखे एकदम मंदावले आणि घर निःशब्द झाले. "उंदीरही मी शोधत नव्हतो!" हे वाक्य मी त्या शांततेत सर्व शक्तीनिशी उच्चारले. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या शेजारीणबाई हातात ओला टॉवेल घेऊन थबकल्या. दुकानदाराने जमिनीकडे पाहिले. त्याला बहुधा आपला कोरडा खड्डा आठवत असावा. मुलगी माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या मागे पडद्यावर एक निळाशार, निर्मळ तलाव दिसत होता, त्यात माड अगदी खरे वाटावेत असे उतरलेले.

पत्नीने मागील दाराकडे पाहिले. मग तिने विचारले, अगदी हळू, माझ्या नेहमीच्या आवाजासारख्या आवाजात :

"मग आबांचं मीठ कुठं हाय?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मला त्या दुपारपासून माहीत होते ज्या दुपारी मी पोती रिकामी केली. मी हात खाली घेतले. आता ओरडण्याचे काही कारण नव्हते, पण पुटपुटूनही चालणार नव्हते.

"माडांना घातलं," मी म्हणालो. "आबांना मी त्याचंच शहाळं पाजलं, आणि ते झाकणावर अंगठा आपटून म्हणायचे ते उभा राहून ऐकलं. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. तुझी तरी आज मागतो. तू खरं सांगत होतीस, ते खरं आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तुला खोटं पाडत आलो. माझं चुकलं. मला माफ कर."